लाल म्हणजे ठरलं

परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, घरातल्या एखाद्या साध्या वस्तूमुळे माणसं मत द्यायला, गावाच्या कारभारात बोलायला लागली, असं कधी होतं का? आम्हाला कॉलेजात तसलं काहीतरी बनवायला सांगितलंय." तुझा आवाज मधूनमधून तुटत होता आणि मी नुसतं "होतं, होतं" म्हणत राहिले. फोनवर मला नीट सांगता येत नाही. माझ्या डोक्यात गोष्टी क्रमानं लावलेल्या असतात, मधेच कुणी "हॅलो, ऐकू येतंय का" म्हटलं की क्रम मोडतो. म्हणून लिहून पाठवते आहे. तुझ्या भावालाही वाचून दाखव. त्याला मराठी वाचायचा कंटाळा, पण ऐकतो मन लावून.

माझं माहेर श्रीरामपूरचं. वडील रेल्वेत होते, आम्ही स्टेशनालगतच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. मिशनच्या शाळेत माझं इंग्रजी पक्कं झालं आणि नगरच्या कॉलेजातून मी बी. ए. झाले. लग्न झालं ते नगर तालुक्यातल्या कोरडवाहू गावात. हिवरे बाजारच्या अंगाला ते गाव होतं. आज त्या भागाचं नाव लोक कौतुकानं घेतात, तेव्हा कुणी घेत नसे. तुमचे आजोबा नगरच्या हायस्कुलात मास्तर होते आणि शनिवारच्या एस.टी.नं घरी यायचे. शहरात खोली मिळेपर्यंत मी सासरी राहायचं ठरलं. ती खोली मिळायला दोन वर्षं लागली, याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते.

घरात सासरे आणि सासूबाई, थोरले दीर आणि जाऊबाई, आणि काकी. काकी म्हणजे सासऱ्यांच्या वारलेल्या भावाची बायको. त्या तरुणपणीच विधवा झाल्या होत्या आणि तेव्हापासून याच घरात होत्या. शिंदीच्या पात्यांचे हातपंखे विणण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

माझ्या पहिल्या उद्योगाला सगळ्या जणी हसल्या. रोज सकाळी सासूबाई विचारायच्या, "आज काय करायचं?" आणि आम्ही दोघी सुना एका सुरात म्हणायचो, "तुम्ही म्हणाल ते, आत्याबाई." मला याचा फार राग यायचा. मी मिसळणाच्या डब्यातल्या दोन वाट्या घेतल्या. एक पिठल्याची, एक हुलग्याच्या माडग्याची. प्रत्येकीनं एक हरभरा हव्या त्या वाटीत टाकायचा आणि बाकीच्यांनी पाठ फिरवायची. दोन दिवस ठीक चाललं. तिसऱ्या दिवशी जाऊबाई पदराआड हसायला लागल्या.

"अगं शहाणे, त्या पिठल्याच्या वाटीला पोचा हाय. तिचा आवाज वायला येतो. आत्याबाईंचा दाना कुठं पडला ते पाठ फिरवूनबी कळतं."

म्हणजे रोज सगळे हरभरे सासूबाईंच्या हरभऱ्यामागे जात होते. मी वाट्यांच्या तळाशी फडक्याच्या चकत्या घातल्या. त्या दिवशी माडगं झालं, आणि सासूबाई जेवताना म्हणाल्या, "मला पिठलं पायजे हुतं. पन बरं झालंय." एवढंच. पण दुसऱ्या दिवशी वाट्या त्यांनीच मांडल्या. गुप्त मतदानाला चिंधीसुद्धा लागते, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

आता मूळ गोष्टीकडे येते.

पाऊस दुसऱ्या वर्षीही दगा देऊन गेला होता. गावाचा आड वर वेशीपाशी होता आणि त्याचं पाणी तळाला गेलेलं. आमची आळी खाली. मधे मुरमाची घसरडी उतरण. भरली घागर डोक्यावर घेऊन ती उतरायची म्हणजे पायाच्या अंगठ्यानं जमीन धरत चालावं लागे. मी लग्न होऊन येण्याआधीच्या वर्षी जाऊबाई त्या उतरणीवर घागरीसकट पडल्या होत्या. तेव्हा त्यांना सहावा महिना होता. मूल राहिलं नाही. हे मला त्यांनी सांगितलं नाही, काकींनी सांगितलं. जाऊबाईंनी मला सांगितलं ते वेगळंच. एकदा आम्ही दोघी त्या उतरणीवर दम खात थांबलो होतो. खाली बघत त्या म्हणाल्या,

"धाकटे, तुला म्हणून सांगते. ह्या वाटंवर मी परत पोटात घेऊन चालनार न्हाई. घरच्यांना वाटतंय, देवाची मर्जी न्हाई. त्यांना वाटू दे."

घरात मग त्यांच्यासाठी नवस बोलले जायचे, मी गप्प बसून ऐकायची.

दिवाळीनंतर ग्रामसभा बसली. गावाला पिण्याच्या पाण्यासाठी सरकारी विहीर मिळणार होती, आणि जागा गावानं ठरवायची होती. पाहणीला आलेल्या साहेबांनी दोन जागा दाखवल्या होत्या: एक वेशीपाशी, जुन्या आडाशेजारी, दुसरी खाली ओढ्याकाठी, आमच्या आळीच्या पातळीवर. पाणी दोन्हीकडे लागेल, असं ते म्हणाले. पुरुषांना वेशीची जागा हवी होती, कारण बैल तिथंच पाणी प्यायचे, चहाचं दुकानही तिथंच. ओढ्याकाठची जागा मात्र खालच्या सगळ्या वस्त्यांच्या वाटेवर होती. वरच्या आडावर सगळ्यांना सारखं पाणी भरू देत नसत, हेही मला त्या वर्षीच कळलं.

सासूबाई पंचायतीच्या सभासद होत्या. बायकांसाठी एक जागा होती म्हणून त्यांचं नाव घातलेलं, आणि अंगठा घ्यायला शिपाई घरी यायचा. त्या दिवशी मीच त्यांच्या मागे लागले आणि आम्ही पाचसात जणी शाळेच्या पटांगणात, भिंतीकडेला जाऊन बसलो. सरपंचांनी वेशीची जागा वाचली आणि म्हणाले, "पसंत असंल त्यांनी हात वर करा." पुरुषांचे हात वर गेले. मग ओढ्याकाठची जागा वाचली. आता आमची पाळी.

आमच्यातला एकही हात वर गेला नाही. मी वळून पाहिलं तेव्हा कारण दिसलं. समोर सासरे, दीर, गावातले सगळे थोर. प्रत्येकीचा उजवा हात हनुवटीपाशी पदर धरून बसलेला. तो वर केला तर पदर डोक्यावरून ढळणार, आणि चोळीची बाही दंडापर्यंत दिसणार. मी शिकलेली, मी हात उचलला. तो खांद्यापर्यंत गेला आणि माझा पदर निसटला. जाऊबाईंनी मागून तो झटकन ओढून पुन्हा डोक्यावर घातला, त्याबरोबर माझा हातही खाली आला.

सरपंच आमच्याकडे बघून म्हणाले, "बायकांची काय हरकत न्हाई." आणि तसंच लिहून घ्यायला सांगितलं. पण कुणीतरी म्हणालं, साहेबांनी अजून ओढ्याची मोजणी दिली नाही, मग जागा कायम करायचं पुढच्या सभेवर गेलं. ती सभा चैत्रात होणार होती.

त्यानंतरच्या एका दुपारी काकी ओसरीवर वाळवणाची राखण करत होत्या. कोंबडी आली तशी त्यांनी हातातला पंखा कपाळापर्यंत उंचावून ती हाकलली. मी दारातून बघत होते. त्यांचं कोपर कमरेला होतं, पदर जागच्या जागी होता, आणि पंखा मात्र उंच हवेत.

"काकी, परत करा बघू," मी म्हटलं.

"काय करू?"

"कोंबडी हाकला."

"गेली की ती." पण माझ्यासाठी त्यांनी नसलेली कोंबडी पुन्हा हाकलली.

तिथून पंख्याचं काम सुरू झालं. नेहमीच्या पंख्याची दांडी वीतभर असते. आम्ही बाभळीच्या काठीची हातभर लांब केली, म्हणजे कोपर न हलवता पंखा डोक्यावर जाईल. पंखा जरा रुंद विणायचा, म्हणजे तोंडापुढे धरला तर चेहराही झाकेल आणि त्याआडून बोलता येईल. ही सूचना सासूबाईंची. मग मी दोन बाजूंना दोन रंग लावले. एका बाजूला जुन्या लुगड्यांचे लाल काठ, दुसरीला हिरव्या खणाचे तुकडे. मी रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली. मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. हिरवा म्हणजे हो, लाल म्हणजे नाही.

ओसरीवर आळीतल्या बायका जमवल्या आणि मी मास्तरणीसारखी उभी राहिले. सगळ्यांना ज्याचं उत्तर माहीत होतं तोच प्रश्न विचारला. "विहीर ओढ्याकाठी व्हावी का?"

सगळे पंखे वर गेले आणि सगळे लाल.

मला वाटलं, यांना वेशीवरचीच विहीर हवी आहे आणि मीच मूर्खासारखी धडपडते आहे. जाऊबाईंचाही लाल.

"जाऊबाई, तुम्हालासुद्धा नको?"

"नको कशाला? व्हय म्हनलो की समद्या."

"पण लाल म्हणजे थांबा. लाल म्हणजे नाही."

"कुनी सांगितलं तुला?" सासूबाईंनी विचारलं.

"सिग्नल असतो ना, आत्याबाई. लाल असला की गाडी थांबते."

"आपल्या गावात कंची गाडी येती गं?" एक जण म्हणाली आणि ओसरी हसली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला समजावून सांगितलं, लहान मुलीला सांगावं तसं. "पोरी, लग्न ठरलं की कुंकू लावतो ना आपन? ते लाल. शेंदूर लाल. देवाला कौल लावताना फूल वाहतो तेबी लाल. लाल म्हंजी ठरलं."

"आणि हिरवं?"

"हिरवं म्हंजी अजून कच्चं हाय," जाऊबाई म्हणाल्या. "पिकंल तवा बघू."

'नाही' या शब्दाला याहून सभ्य पर्याय मला आजवर कुठल्याच भाषेत सापडलेला नाही. त्या बायकांपैकी एकीलाही भरसभेत सासऱ्यापुढे 'नाही' म्हणायचं नव्हतं. 'अजून कच्चं आहे' असं म्हणायला त्यांची काही हरकत नव्हती. मी पंखे होते तसेच ठेवले, फक्त माझी समजूत उलटी केली.

संक्रांतीला सासूबाईंनी हेच पंखे वाण म्हणून लुटले. दुष्काळात दुसरं काय लुटणार होतो? शिंदीची पाती फुकट आणि चिंध्या घरच्या. ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या बायकांनीही काकींकडून पंखे नेले, त्यांना काकींनी काही विचारलं नाही. प्रत्येक घरात चुलीशेजारच्या खुंटीवर एक पंखा आला. चुलीला वारा घालायला, झोळीतल्या पोरावर हलवायला. पुरुष रोज तो बघत होते आणि कुणाला काही वाटलं नाही. बायकांच्या मात्र ते अंगवळणी पडलं. "भाकरी करू का?" विचारलं की लाल बाजू दिसायची. "पान्याला येती का?" हिरवी दिसली की समजायचं, थांब जरा.

पंखा मिळाला नाही तो फक्त काकींना. सगळे पंखे त्यांच्या हातचे, पण वाण सवाष्णीला देतात आणि लाल रंग त्यांना चालत नव्हता. मी नंतर एकटीनं जाऊन त्यांच्यापुढे पंखा धरला.

"मला लाल नको गं," त्या शांतपणे म्हणाल्या.

"मग तुमच्यासाठी दुसरा रंग लावते. निळा लावू?"

"ऱ्हाऊ दे. माझं मी बघते." आणि त्या पुन्हा पाती सोलायला बसल्या.

चैत्रातली सभा भर उन्हात बसली. शाळेची भिंत तापलेली, सावली हातभर. आम्ही आलो ते पाहूनच पुरुषांच्यात कुजबुज सुरू झाली, कारण या वेळी पाचसात जणी नव्हत्या. भिंतीची सगळी कड भरली होती. वेशीच्या जागेवर हात मोजून झाले. मग सरपंच म्हणाले, "ओढ्याकाठच्या जागंला ज्यांची पसंती हाय त्यांनी हात वर करा."

खालच्या आळीतल्या थोड्या पुरुषांचे हात वर गेले. सासूबाई म्हणाल्या, "पंखं धरा गं." सगळे पंखे वर गेले.

आणि इथं माझी सगळी योजना फसली. उकाडा असा होता की हातात पंखा असताना तो न हलवणं कुणाला जमेना. पंखे वर जाऊनही फडफडत राहिले. लाल, हिरवा, लाल, हिरवा. सरपंच बोट नाचवत मोजायला लागले आणि थांबले.

"हिचा लाल हाय का हिरवा?"

"सरपंच, वारं मोजताय व्हय?" पुरुषांतून कुणी ओरडलं. हशा झाला.

सरपंच वैतागून म्हणाले, "हे असलं काय चालायचं न्हाई. पंखं खाली ठिवा अन् सरळ हात वर करा."

हसणं थांबलं. पंखे एकेक करून मांडीवर आले. सगळे हात पुन्हा हनुवटीपाशी. जाऊबाई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी पंख्याची दांडी दुसऱ्या हातानं इतकी घट्ट धरली होती की काठी करकरली.

तेवढ्यात भिंतीच्या टोकाला काकी उभ्या राहिल्या. त्यांनी हात वर केला, रिकामा, सरळ. पदर ढळला, पांढरे केस उघडे पडले, आणि तो सावरायला त्यांनी दुसरा हात हलवला नाही. सरपंच लहानपणी याच काकींच्या हातची भाकरी खाल्लेले. ते खाली बघून म्हणाले,

"काकी, तुमचं मत धरलं. बसा."

"समद्यांचं मोजून व्हऊ द्या," काकी म्हणाल्या. "मग बसते."

मग सासूबाईंनी पंखा तोंडापुढे धरला आणि त्याआडून, सभेत आयुष्यात पहिल्यांदा, त्या बोलल्या. "सरपंच, आमचा हात पदराला हाय. पंखा हाच आमचा हात समजा. वारा घेत असलो तर मोजू नका. थांबलो की मोजा." आणि आम्हाला म्हणाल्या, "वारा थांबवा गं."

पंखे पुन्हा वर गेले आणि थांबले. त्या उन्हात घाम पापण्यांवरून ओघळत होता, पण कुणी वारा घेतला नाही. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल. आणि टोकाला काकींचा हात. सरपंच जागचे उठले, भिंतीच्या कडेनं चालत आले आणि प्रत्येक पंख्यापाशी थांबून मोजत गेले. जाऊबाईंपाशी आले तेव्हा त्यांचा पंखा थरथरत होता. सरपंच म्हणाले, "हा वारा न्हाई, हे मत हाय," आणि मोजून पुढे गेले. त्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाची आयुष्यभर ऋणी आहे.

विहीर ओढ्याकाठी ठरली.

सासऱ्यांनी वेशीच्या जागेला हात वर केला होता. परत निघताना कुणीतरी त्यांना टोचलं, "काय तात्या, घरच्यांनीच उलटं मत दिलं की तुमच्या."

"पंखं माझ्याच घरचं हायेत," सासरे म्हणाले. "वारा मलाच लागंल."

घरी आल्यावर मात्र ओसरीवर बसून त्यांनी सासूबाईंना विचारलं, "आधी बोलली का न्हाईस?"

"आधी इचारलं का न्हाई?"

सासरे म्हणाले, "पंखा दे इकडं, लई गरम हुतंय." दुसऱ्या दिवसापासून सकाळी मिसळणाच्या वाट्यांत एक हरभरा जास्त पडायला लागला.

विहीर दुष्काळी कामात खोदली गेली. दगडमाती वाहायला बायकाच होत्या, मीही काही दिवस पाट्या उचलल्या. पाणी लागलं तेव्हा ते गढूळ आणि थोडंच होतं, पण होतं, आणि तिथं सगळ्या वस्त्यांच्या घागरी आल्या. ते सगळं सहज झालं असं मात्र समजू नका. भांडणं झाली, ती पुन्हा सभेत गेली, पुन्हा पंखे वर गेले. पण उतरणीवरून पाणी आणायचं आमच्या आळीपुरतं संपलं.

तू विचारलंस, वस्तूनं माणसं बदलतात का. मला वाटतं, पंख्यानं कुणाला धीर दिला नाही. धीर त्यांच्याकडे होताच, काकींकडे तर पंख्याशिवाय होता. आम्ही फक्त त्यांना पदर सोडायला लावला नाही. तू जे बनवशील ते बनवताना आधी बघ, माणसाचा हात कशात अडकला आहे.

पुढचं वर्ष बरं गेलं, पाऊस झाला. एके दिवशी जाऊबाईंनी सकाळी भाकरी अर्धी टाकली आणि परसात जाऊन उलटी केली. आमच्यात असली बातमी तोंडानं सांगत नाहीत, सासूबाईंच्या कानावर ती आपोआप जाते. पण मला राहवेना. त्या चूळ भरून आत आल्या तशी मी हळूच विचारलं, "जाऊबाई, खरं का?"

चुलीशेजारच्या खुंटीवर पंखा हिरवी बाजू बाहेर करून टांगलेला होता. त्यांनी तो काढला, उलटा केला, लाल बाजू माझ्याकडे करून पुन्हा खुंटीला अडकवला, आणि भाकरी थापायला बसल्या.

तेव्हा त्यांच्या पोटात होती तीच तुमची आत्या, जी दर दिवाळीला तुम्हाला अनारसे पाठवते.